ठाणे ते न्यू जर्सी : अंतर एकच, मग जाताना सव्वासोळा तास आणि येताना साडेचौदा का?

पाचपाखाडीची_लेक | ८ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

आई (वय ७२) फेब्रुवारीत धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला निघाली आहे. बहिणीचं बाळंतपण आहे. आई याआधी एकदा जाऊन आली आहे, पण तेव्हा बाबा बरोबर होते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. या वेळी ती एकटी जाणार.

तिकीट मुंबई ते न्यूअर्क, मध्ये कुठेही न थांबणारं. मुंबईहून रात्री १:१५ ला सुटतं आणि तिकडच्या सकाळी ७ ला पोचतं. परतीचं जूनमध्ये आहे: तिकडून सकाळी ११:३० ला निघून इथे दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला.

बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, खोपटला बरीच वर्षं काढली त्यांनी. त्यामुळे वेळापत्रक वाचायची सवय आईच्या अंगात मुरलेली आहे. तिने तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने हिशोब मांडला. फेब्रुवारीत दोन्हीकडच्या घड्याळांत साडेदहा तासांचा फरक, म्हणून जाताना १६ तास १५ मिनिटं. जूनमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, फरक साडेनऊ, म्हणून येताना साडेचौदा. मग मला म्हणाली, "रस्ता तोच, गाडी तीच, मग जाताना पावणेदोन तास जास्त कसे? आपल्या ठाणे-कराड गाडीला जायला-यायला सारखाच वेळ धरायचे हे."

मी नेटवर पाहिलं. अंतर सांगणाऱ्या साइटवर साडेबारा हजार किलोमीटर आणि चौदा-साडेचौदा तास असं दिसतं. म्हणजे येतानाचा आकडा जुळतो, जातानाचा नाही. मला तिला नीट उत्तर द्यायचं आहे. "असतं तसं" म्हटलेलं तिला चालत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला एकटीला पाठवताना मलाही सगळं समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

---

खारघर_टेकडी | ८ जानेवारी, रात्री ११:१५

त्या साइट फार साधा हिशोब करतात. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातलं सर्वात कमी अंतर काढायचं आणि त्याला ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागायचं. साडेबारा हजार भागिले नऊशे म्हणजे जवळपास चौदा. काही साइट त्यात चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवतात. वारा, बंद हवाई हद्दी, धावपट्टीपर्यंतची रांग यातलं काही त्यांच्या हिशोबात नसतं. त्यामुळे दोन्ही दिशांना एकच आकडा येतो. तिकिटावरची वेळ विमान कंपनीने अनुभवावरून ठरवलेली असते. आईंनी तिकीट प्रमाण मानावं.

---

नेरूळचा_काका | ९ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी तीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि वेळ कागदावर मांडायचं ते काम. आईंनी जे विचारलं तेच आम्ही रोज रात्री सोडवत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान आणि आफ्रिकेच्या वरच्या भागावरून जाते. पण पृथ्वी गोल आहे आणि सर्वात जवळचा रस्ता तो नव्हे. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून घट्ट करा. तो आपोआप जिथून जाईल तो सर्वात जवळचा मार्ग. मुंबईहून तो चक्क उत्तरेकडे तोंड करून निघतो, उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश. करून बघा, मग पुढचं पटकन समजेल.

आता वारा. विमानं ज्या उंचीवर उडतात, म्हणजे साधारण दहा-बारा किलोमीटर, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात. जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल, कधी त्याहून जास्त. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकावर ते पोसले जातात, आणि हा फरक हिवाळ्यात वाढतो, म्हणून हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. आई फेब्रुवारीत पश्चिमेला निघाल्या आहेत, म्हणजे ऐन जोरात वारा तोंडावर घेऊन. जूनमध्ये पूर्वेला येतील तेव्हा तो पाठीवर असेल.

विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे. वाहत्या नदीतल्या होडीसारखं समजा. प्रत्यक्ष मार्ग दोऱ्याहून लांब पडतो, तो १३,२०० किलोमीटर धरू. विमानाचा हवेतला वेग ९००. संपूर्ण मार्गावर सरासरी ६० चा वारा धरू, कारण सगळीकडे तो सारखा नसतो आणि सरळ समोरूनही येत नाही. जाताना जमिनीवरचा वेग ८४०, म्हणजे १५ तास ४० मिनिटांच्या पुढे. येताना ९६०, म्हणजे पावणेचौदा तास. दोन्हींत जमिनीवरची अर्ध्या तासाची हालचाल मिळवा. जवळपास तुमचं तिकीट तयार झालं.

शेवटचा मुद्दा, जो बहुतेकांना ठाऊक नसतो. तिकिटावरची वेळ म्हणजे हवेत असण्याची वेळ नव्हे. चाकांखालचे चॉक्स, म्हणजे विमान घसरू नये म्हणून लावलेले ठोकळे, काढल्यापासून तिकडे परत चॉक्स लागेपर्यंतचा तो वेळ. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. धावपट्टीपर्यंतचा प्रवास, रांग, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं, सगळं त्यात येतं, आणि कंपन्या थोडी जागाही राखून ठेवतात. तुमच्या बाबांनी ठाणे-कराडच्या वेळेत खंबाटकी घाट आणि जेवणाचा थांबा धरला असणारच. तसंच हे.

---

कळवा_ब्रिज | ९ जानेवारी, सकाळी ९:३०

काका, उत्तम लिहिलंत. एक शंका. पृथ्वी स्वतः पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क आपणहून यायला हवं. वेळ कमी लागायला हवा, जास्त नाही. मुलगा आठवीत आहे, त्याने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

---

नेरूळचा_काका | ९ जानेवारी, सकाळी १०:१०

मुलाला शाबासकी द्या. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते, आणि उड्डाणाआधी विमानतळावर उभं असलेलं विमानही. कल्याण लोकलच्या डब्यात उभं राहून चेंडू सरळ वर उडवला तर तो परत हातातच येतो, मागच्या डब्यात जात नाही. तसंच. उरतो तो फक्त हवेचा स्वतःचा वेग, म्हणजे वारा. पण हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळण्यामागे पृथ्वीचं फिरणं आहेच, म्हणजे मुलाने बोट बरोबर जागी ठेवलं आहे.

---

जुना_नकाशा | ९ जानेवारी, दुपारी १:२०

काकांच्या मुद्द्याला जोड म्हणून एक खरा किस्सा. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं. सुरुवातीला ते पश्चिमेकडून, युरोप-अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी उलटी दिशा धरली, पूर्वेकडून पॅसिफिकवरून. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, म्हणजे चौदाशेने वाढलं. आणि वेळ? साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. सगळा वाटभर वारा पाठीशी.

लांबचा रस्ता लवकर पोचवतो हे हवेत इतकं स्वच्छ आकड्यात दिसतं याचं मला आजही नवल वाटतं.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. अटलांटिकवर सियारा नावाचं वादळ होतं. ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तासांचा तो प्रवास.

---

उलवे_खाडी | ९ जानेवारी, सायंकाळी ६:४५

बंद हवाई हद्दींबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हापासून महिन्या-महिन्याने मुदत वाढते आहे. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. याचा जास्त फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना बसतो, कारण त्यांना आधी दक्षिणेकडे यावं लागतं. आपल्याकडून विमान सुटतं ते थेट अरबी समुद्रावर, तिथून ओमानकडे. त्यामुळे मुंबईकरांचा वळसा तुलनेने लहान. पण दोऱ्याचा रस्ता मात्र आपल्यालाही मिळत नाही.

शिवाय २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. म्हणून एकाच दोन शहरांमधला वेळ कंपनी बदलली की बदलतो. तिकीट काढताना हे बघायला हवं.

---

घोडबंदर_पोकळी | ९ जानेवारी, रात्री ११:५०

ताई, थेट तिकीट काढलंत हे फार चांगलं केलंत. आमचा अनुभव सांगतो, कारण आम्ही तीच चूक केली.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना ह्यूस्टनला पाठवलं, आखातातल्या एका शहरात विमान बदलून. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन विमानांमध्ये एक तास दहा मिनिटं होती. साइटवर हा जोड सर्वात कमी वेळाचा म्हणून पहिला दिसत होता आणि मी तोच निवडला. मुंबईहून विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. व्हीलचेअर सांगितलेली होती, पण विमानाच्या दाराशी ती यायलाच वीस मिनिटं लागली. पुढचं विमान गेलं. वडिलांना तिथे अकरा तास बसावं लागलं. त्यांचा फोन रोमिंगवर नव्हता आणि मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, जी पुढे गेली होती. एका केरळी मावशींनी स्वतःचा फोन दिला तेव्हा आम्हाला कळलं. ते पाच तास घरात आम्ही कसे काढले ते सांगता येत नाही.

ज्येष्ठ माणूस एकटा असेल तर जोड-विमानात तीन तासांहून कमी वेळ ठेवू नका. एकूण प्रवास लांबला तरी चालेल. आणि औषधं हातातल्या बॅगेतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटांमध्ये.

---

पाचपाखाडीची_लेक | १० जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमच्या वडिलांचं वाचून काळजात चर्र झालं. औषधांची पिशवी आजच वेगळी काढली.

आज दुपारी आईबरोबर दोऱ्याचा प्रयोग केला. भावाचा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावर होता. स्टँड मोडलेला आहे, म्हणून आईने तो वरणाच्या पातेल्यावर ठेवला. दोरा देवघरातल्या फुलपुडीचा. मी मुंबईवर बोट दाबून धरलं, तिने न्यूयॉर्कवर. पहिल्यांदा दोरा घसरून भूमध्य समुद्रावर आला. मग तिने हळूहळू ताण दिला तसा तो आपणहून वर सरकत गेला आणि एका जागी बसला. आम्ही दोघी चष्मे लावून वाचत गेलो: कंदाहार, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्ग, नॉर्वेत ट्रॉन्डहाइम, मग आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, आणि लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्क. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "न्यू जर्सीला जाताना रशिया लागतो? ह्यांना सांगायला हवं होतं."

मग दोरा पट्टीवर मोजला. साडेएकोणतीस सेंटीमीटर. गोलाचा मधला घेर ९४. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, त्याला ९४ ने भागून साडेएकोणतीसने गुणलं तर १२,५५३ आलं. साइटवरचा आकडा आमच्या घरात फुलपुडीच्या दोऱ्याने निघाला! आईने तो तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

काका, तिचा पुढचा प्रश्न: विमान प्रत्यक्षात या दोऱ्यावरून जाणार नसेल तर कुठून जाणार, आणि ते कोण ठरवतं?

---

नेरूळचा_काका | ११ जानेवारी, सकाळी ६:५०

ट्रॉन्डहाइमपर्यंत वाचत गेलात, आईंना नमस्कार सांगा.

मार्ग रोज नव्याने ठरतो. डिस्पॅचर त्या रात्रीचे वाऱ्याचे नकाशे घेतो, कुठल्या हद्दी बंद आहेत त्याच्या सूचना, म्हणजे नोटॅम, वाचतो, आणि संगणक त्यातून कमी वेळाचा आणि कमी इंधनाचा मार्ग काढतो. मग तो वैमानिकाबरोबर बसून पक्का करतो, दोघांच्या सह्या होतात. आईंचं विमान बहुधा अरबी समुद्र, ओमान, आखात, तुर्कस्तान, मध्य युरोप, ब्रिटनच्या आसपास आणि मग अटलांटिक असं जाईल. प्रत्येक देश आपल्या हद्दीतून जाण्याचे पैसे घेतो, तेही हिशोबात असतं.

अटलांटिकवर तर रोज वेगळे रस्ते आखतात. दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी एक संच, रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी दुसरा. आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूने शॅनविक आणि कॅनडाच्या बाजूने गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं वारा बघून ते ठरवतात. जाणारे रस्ते वारा टाळतात, येणारे वारा शोधतात. म्हणून आईंचं "रस्ता तोच" हेही पुरतं खरं नाही. जायचा वेगळा, यायचा वेगळा.

इंधनाचंही सांगतो, कारण काळजी तिथेच असते. मोठं दोन इंजिनांचं विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन जाळतं. प्रवासाला लागेल तेवढं, अंदाज चुकला तर वरचं, न्यूअर्क बंद झालं तर दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं राखीव. एवढं असल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. मी स्वतः अशा शेकडो कागदांवर सही केली आहे. आईंना हे जरूर सांगा.

---

तीन_हात_नाका | ११ जानेवारी, दुपारी १२:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यातच. किलोमीटरचं झालं, आता सोळा तास शरीराचं.

विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका असतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे आई सोळा तास कळसूबाईच्याही वर बसणार आहेत, आणि हवा कोरडी. हृदयाचा, फुप्फुसाचा काही त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी दाखवा.

चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायात रक्त साकळण्याची शक्यता वाढते. आतली, जाण्यायेण्याच्या वाटेवरची सीट घ्या. दर दीड-दोन तासांनी उठून मागपर्यंत एक फेरी. बसल्या बसल्या पावलं पुढे-मागे, टाचा वर-खाली, वीस वेळा. पाणी घोट घोट पीत राहायचं. शौचालयाला जावं लागेल म्हणून बायका पाणी पीत नाहीत, आईंना हे मुद्दाम सांगा. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून, मापाचेच. बीपीची गोळी कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायची तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन असेल तर त्यांना विचारल्याशिवाय वेळ बदलू नका.

---

पाचपाखाडीची_लेक | ११ जानेवारी, दुपारी ३:००

ताई, लिहून घेतलं. आईला फक्त बीपीची गोळी आहे. बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचं सामान द्यायचं म्हणते आहे, खोबऱ्याच्या वाट्यांसकट. चालतं ना?

---

खारघर_टेकडी | ११ जानेवारी, दुपारी ३:२५

सुकं खोबरं नेऊ नका! पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं ते, आतल्या तेलामुळे. २०२२ पासून मोठ्या बॅगेत चालत नाही, स्कॅनरवर बॅग थांबवतात आणि ऐन रात्री आईंना उघडून दाखवायला लावतील. डिंक, खारीक, मेथी न्या. खोबरं एडिसनला ओक ट्री रोडवरच्या कुठल्याही भारतीय दुकानात मिळतं. लाडू तिकडेच वळावेत. ताजी फळं आणि मांसाचं काही नको, आणि जे खाद्य नेलं असेल ते तिकडच्या कस्टम्सला विचारलं की सरळ सांगायचं.

---

उलवे_खाडी | ११ जानेवारी, रात्री ८:४०

विमानतळापर्यंतच्या अंतराचाही विचार करा. पाचपाखाडीहून अंधेरीच्या विमानतळाला मध्यरात्री पाऊण तास, पण आईंना तीन-साडेतीन तास आधी पोचायचं म्हणजे तुम्ही निघणार रात्री साडेआठ-नऊला. त्या वेळी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर काय असतं ते ठाणेकरांना सांगायला नको. दीड तास धरा.

जाता जाता माझ्या घराजवळचं. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला पहिली प्रवासी विमानं उडाली. सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. लोक विचारतात, इथून अमेरिका जवळ पडेल का? दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत पंचविसेक किलोमीटर. साडेबारा हजारांत ते कुठेच दिसणार नाहीत, विमानाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. पण नेरूळ, पनवेल, उरणच्या म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसायचे दोन तास वाचतील, ते खरे.

आणि एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या धावपट्टीची लांबी ३,७०० मीटर आहे असं सगळीकडे छापून येतं. त्यासाठी उलव्याचा डोंगर उतरवला, नदीचं पात्र वळवलं आणि दहा गावं उठली. माझं आजोळ त्यातलंच. आजी जिथे भात झोडायची तिथून आता विमान उडतं. मला विमानतळाचा राग नाही, मुलगा तिथेच कामाला लागला आहे. पण अंतरं मोजताना ही जागा कोणाची होती ते लिहिलं जावं.

---

नेरूळचा_काका | ११ जानेवारी, रात्री ९:१५

लिहिलंत ते बरं केलंत. मीही त्या डोंगराकडे बघत तीस वर्षं काढली, आता खिडकीतून तो दिसत नाही.

---

पाचपाखाडीची_लेक | फेब्रुवारी, दुसरा आठवडा, रात्री १०:०५

मंडळी, आई सुखरूप पोचली. धागा वर आणते आहे कारण तिने तुमच्यासाठी नोंदी पाठवल्या आहेत.

विमानतळावर दारातूनच व्हीलचेअर मिळाली. वाटेकडची सीट होती. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून तिने सगळा प्रवास बघितला आणि बाबांच्या जुन्या डायरीत लिहिला. बाबा लॉगशीटवर लिहायचे तसाच, रकाने आखून. बहिणीने फोटो पाठवला, जसाच्या तसा उतरवते:

"सुटण्याची वेळ १:१५. प्रत्यक्ष हलली १:४०. उडाली २:०५. मस्कत ४:३०. तुर्कस्तान, मग मध्य युरोप उजाडताना, खाली बर्फ. वेग ८१०, मग ८२५, समुद्रावर ७८०. वारा समोरून. आठ फेऱ्या मारल्या. पाणी सात ग्लास. उतरली तिकडच्या ६:३५. दाराशी लागली ६:५०. दहा मिनिटं आधी."

पंचवीस मिनिटं उशिरा हलून दहा मिनिटं आधी पोचली. काका, तुमचा ब्लॉक टाइम तिला पुरता पटला. हवेत मोजून पंधरा तास होती. तिचं एकच म्हणणं आहे: विमान आइसलंडवरून गेलं नाही, बरंच खालून गेलं. येताना कुठून येईल ते आधी कळेल का, विचारते आहे.

---

नेरूळचा_काका | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:४०

"समुद्रावर ७८०." अटलांटिकवर वारा चांगलाच होता म्हणायचा. आईंना सांगा, येतानाचा मार्ग निघण्याच्या काही तास आधीच ठरेल, पण पडद्यावर वेगाचा आकडा नऊशेच्या वर दिसला की वारा पाठीशी आहे असं समजावं. तोही रकान्यात लिहून आणा म्हणावं. मला बघायचा आहे.